वाकड्या पुंगळ्या

आणखी एक चेपलेलं तोंड यतीनच्या बोटाला लागलं. त्याने दिगंबरकाकांच्या पाठीकडे बघितलं आणि ती पितळी पुंगळी हळूच वल्लरीच्या डब्यात टाकली. तेविसावी!

काडतुसांच्या शंभर कोऱ्या पुंगळ्या पार्सलने आल्या होत्या. वाटेत एकमेकींवर आपटून काहींची तोंडं वाकडी झालेली. काकांनी वेस्ट विंडसरच्या आपल्या गॅरेजमध्ये श्रीखंडाचे दोन रिकामे डबे मांडले, पन्नास-पन्नास करा म्हणाले आणि वाटणी यतीनकडे दिली. बोक्याला बसवलं लोण्याच्या राखणीला.

काकांचे डोळे आता अधू झाले होते. रविवारी याच काडतुसांनी ज्याचा नेम सरस ठरेल, त्याला ते आपली जुनी रायफल देणार होते. तिच्यावर यतीनचा नऊ वर्षांपासून डोळा. नऊ वर्षं त्याने काकांच्या दारातला बर्फ उपसला, काकूंना खरेदीला आयसेलिनच्या देशी दुकानांत नेऊन आणलं, आणि त्याच्या नेमाबद्दल काकांच्या तोंडून ‘बरंय’च्या पुढे शब्द निघाला नाही. ही वल्लरी इथेच जन्मलेली पोरगी, चार महिन्यांपूर्वी नेमबाजी शिकायला उगवली, आणि पहिल्याच दिवशी काका म्हणाले, “वा!” तो ‘वा’ माशाच्या काट्यासारखा यतीनच्या घशात अजून अडकला होता. वर ती त्याला काका म्हणायची. जेमतेम शेहेचाळीशीच्या माणसाला!

वल्लरीने डब्यात डोकावून पाहिलं. कामाला लागली.

काम म्हणजे किचकट. प्रत्येक तोंड साच्यात घालून गोल करायचं, मग आतली आणि बाहेरची कड तासायची. पुंगळी दिसायला गोल असली तरी सोडायची नाही, नाहीतर गोळी भरकटते, असं काका सांगून थकले होते. यतीनने चार-पाच तासल्या, बाकीच्यांवरून नुसता अंगठा फिरवला. कोऱ्या मालाला कशाला हवा साजशृंगार? वीस मिनिटांत तो चहा घेऊन खुर्चीत पसरला.

“काय गं, नक्षीकाम चाललंय का?”

“ऑलमोस्ट डन, यतीनकाका.”

पुढचे दोन तास ती ऑलमोस्ट डनच होती. चहा कधी नव्हे इतका गोड लागला.

बारूद आणि गोळ्या मात्र काका स्वतः भरत. तिथे कुणाचा हात चालत नसे. रविवारी रेंजवर त्यांनी दोघांपुढे एकेक पेटी ठेवली. यतीनने आपल्या पेटीवरची चिठ्ठी वाचली.

“काका, अदलाबदल झाली. ही वल्लरीची पेटी.”

“बरोबर आहे. दोघं शिकत असले की एकाने तासलेल्या पुंगळ्या दुसऱ्याने झाडायच्या. आपली रीतच आहे ती.”

“मला कधी बोलला नाहीत!”

“तिने पुंगळ्या तासल्या त्या परवाच पहिल्यांदा. त्याआधी नऊ वर्षं एकटाच होतास. कुणाशी बदलणार होतास, तुझ्या काकूशी?”

यतीनने ती पेटी उघडली. वेचून वेचून वाकडा माल बाजूला काढला, तो स्वतःसाठीच! आता रायफल गेली. दात-ओठ खात त्याने नेम धरला.

पाच गोळ्या झाडल्या. कागदावर एकच भोक, वर क्वार्टरचं नाणं ठेवलं तर झाकलं जाईल एवढं. शेजारी वल्लरीच्या गोळ्या लग्नातल्या अक्षतांसारख्या कागदभर पसरलेल्या.

काकांनी दुर्बीण डोळ्याला लावली. बराच वेळ लावून ठेवली.

“वा!” ते म्हणाले, आणि रायफल यतीनच्या हातात दिली.

यतीन असा चेकाळला, की त्याला कुठे नाचू आणि कुठे नको असं झालं. “बघितलंस ना वल्लरी? याला अनुभव म्हणतात!”

“आय ॲम सो हॅपी, यतीनकाका,” वल्लरी म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. “परवा तुम्ही वाकड्या वेचून माझ्याकडे टाकत होतात ना, मी पाहिलं होतं. बदलायची रीत मला दिगंबरकाकांनी आधीच सांगितली होती. म्हटलं, हा माणूस चांगल्या सगळ्या मला झाडायला ठेवतोय आणि वाकड्या स्वतःकडे घेतोय. मग मी पण ठरवलं, तुमची एकही गोळी वाया जाऊ द्यायची नाही.”