उलटी अक्षरं

पहिलीच्या बाईंनी भिंगरीची पाटी तिच्या आईपुढे धरली. एकूण एक अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. "डॉक्टरांना दाखवून घ्या," बाई हळूच म्हणाल्या, "नाहीतर हिला दुसरीत पाठवता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आई आणि आजोबा पोरीला आणि पाटीला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. डॉक्टरबाईंनी वेड्यावाकड्या ठोकळ्यांची चित्रं मांडली. "हा ठोकळा मनातल्या मनात फिरवायचा, आणि यातला तोच कुठला ते सांगायचं." भिंगरी पटापट बोट ठेवत गेली. एका चित्रापाशी तर डॉक्टरबाईंनाच उत्तर उघडून बघावं लागलं. आईने मनोमन देवाला हात जोडले.

"अहो, ही तर मोठ्यांनाही वरचढ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग अक्षरांपाशीच घोडं का पेंड खातंय? घरी शिकवतं कोण?"

"हे आमचे मामंजी," आई म्हणाली. "शाळेत जायच्या आधीपासून, रोज मांडीवर घेऊन. रबरी शिक्के कोरण्यात जन्म गेला त्यांचा."

नातीच्या अक्षराला कुणी नावं ठेवलेली आजोबांना खपेना. त्यांनी पाटी ओढून घेतली, चष्मा सारखा केला आणि ओळीवरून बोट फिरवत सगळं खडाखडा वाचून दाखवलं.

 

"उलटं कुठे आहे हो यात? शाई लावून कागदावर दाबून तर बघा, सरळच उमटेल."