पाठमोरे सैनिक

अणुगोळा डागणाऱ्या तोफेचं छोटं मॉडेल गुरुनं महिनाभर खपून जोडलं आणि काचेच्या पेटीत मांडलं. भोवती बोटभर उंचीचे पाच सैनिक, सगळ्यांची तोंडं तोफेकडं. त्यांचे डोळे त्यानं एका केसाच्या ब्रशनं रंगवले होते.

सोमवारी सकाळी पाचही जण तोफेकडं पाठ करून उभे होते.

"पेटीत हात घातलास व्हय?" त्यानं बायकोला, अक्षताला, विचारलं.

"तुमच्या त्या बाँबला मी फडकंबी लावत न्हाय की!"

गुरुला ते पटलं नाही. त्यानं सैनिक वळवून त्यांचे बूट पक्के चिकटवले, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोऱ्याला बांधली. आता बघू म्हणाला, कशी फिरवते ते.

मंगळवारी दुपारी तो कारखान्यातनं जेवायला आला. कुलूप जसंच्या तसं होतं, पण सैनिक पुन्हा पाठमोरे झाले होते. बुटांखालचा गोंद कुठंच तुटला नव्हता. त्यानं भिंग लावलं. रंगवलेले डोळे दिसेनात. पाचांनीही तळहात डोळ्यांवर गच्च दाबले होते.

"अक्षता!"

ती अंगणात होती. चादर अर्धीच वाळत घालून, घराकडं पाठ करून, डोळे दोन्ही हातांनी झाकून उभी होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमीबी फिरा की लवकर, तोफ उडायच्या आत."