आबांच्या हातचा जोड

बेल वाजली तेव्हा सुनेच्या हातात अजून पाण्याचा मग होता. तिनं बाथरूमच्या भिंतीवर शेवटचं पाणी मारलं, तो बादलीत टाकला आणि हात पुसत दाराकडे धावली. जाता जाता बाहेरच्या खोलीतल्या आबांना, म्हणजे सासऱ्यांना, तिनं पुन्हा एकदा बजावलं की काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. आबांनी खुर्चीत बसल्या बसल्या मान डोलावली.

घर बघायला माणूस आला होता. घर भाड्याचं, मालकानं विकायला काढलेलं. हे गिऱ्हाईक परत फिरलं तर मालक लेकीकडे परदेशात निघून जाणार होता आणि पुढचं वर्षभर तरी विषय बंद. म्हणून नवराबायकोनं ठरवलं होतं, घराला ठेवता येतील तेवढी नावं ठेवायची. ऐन वेळी नवरा कामावर निघून गेला. हे त्याला छान जमतं. वाईटपणा सुनेच्या गळ्यात पडला.

चाललं होतं ते सगळं आबांसाठी. सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पार गेली, पण या घरात ते कुणाला जाणवत नसे. सकाळी उठून स्वतः दाढी करायचे, स्वतःचा चहा स्वतः टाकायचे, वर सुनेला विचारायचे, तुला करू का घोटभर? बत्तीस वर्षं एकाच घरात वावरलेल्या माणसाचं डोळ्यांवाचून फार अडत नाही. दुसऱ्या घरात मात्र ते एका खाटेवर बसून राहणार, हे तिघांनाही माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं.

गिऱ्हाईक चौकस निघालं. टेप, टॉर्च, वही, सगळा जामानिमा सोबत. सुनेनं सांगून पाहिलं की दुपारी घर तापतं, शेजारी भांडकुदळ आहेत, खिडक्या नीट लागत नाहीत. त्यानं सगळं शांतपणे लिहून घेतलं. मग तो बाथरूममध्ये शिरला, भिंतीला हात लावला आणि ओला तळवा बघत राहिला.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासूनच," सून म्हणाली. "आतला पाइप गळतो. मालकांना सांगून सांगून थकलो आम्ही."

त्यानं कोपऱ्यात टॉर्च मारला. म्हणजे अख्खी भिंत फोडावी लागणार, असं म्हणून वही मिटली. सुनेचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात तो जाता जाता बोलून गेला, "कुणा शिकाऊ माणसानं जोड दिलाय. याला काय प्लंबर म्हणायचं?"

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली.

आबा तरातरा आले. कपाट, वळण, उंबरा, कशालाही न धडकता थेट बाथरूमच्या भिंतीपाशी. चाळीस वर्षं त्यांनी प्लंबरचं काम केलं होतं आणि या भिंतीतला पाइप त्यांनीच टाकला होता. त्यांनी तळवा वरून खाली फिरवला, पुन्हा वर नेला. बोटांनी प्लास्टर वाजवून पाहिलं. मग हात थांबला. पाणी कुठून आलं ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे सुनेला कळलं. आबा, एवढ्या वेळी गप्प बसा, ती मनात म्हणत होती.

"भिंत आतून कोरडी आहे," आबा म्हणाले. "सकाळी माझ्या हातून बादली सांडली, त्याचं पाणी हे. पाइप माझ्या हातचा आहे, साहेब. तो गळत नाही."

सासऱ्यांनी तिचा खोटेपणा स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि त्याच दमात तिच्या सगळ्या खटाटोपावर पाणी फिरवलं होतं. तिला त्यांचा इतका राग आला की डोळे भरून आले.

आबांना मात्र हुरूप चढला. पाणी बंद करायची चावी कुठे, स्वयंपाकघरातला नळ खाली का घेतला, सगळं बोट ठेवून दाखवत त्यांनी साहेबांना घरभर हिंडवलं. घर दाखवणाऱ्याला दिसत नाही, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानातही आलं नाही. शेवटी त्यानं स्वयंपाकघरातलं स्टूल बाहेरच्या खोलीत आणलं, वर चढून खिडकीचं माप घेतलं आणि तिथूनच बायकोला फोन लावला. घर पक्कं आहे म्हणाला, हेच घेऊन टाकू. मग आबांचे आभार मानून तो गेला.

दार लागलं. आबा खुर्चीकडे निघाले आणि चौथ्या पावलाला स्टुलावर आदळले. भिंत शोधायला त्यांनी हात पुढे केला, तर ती हाताशी येईना. सुनेनं धावत जाऊन त्यांना धरलं. गुडघ्याला चांगलंच लागलं होतं.

"एवढंच गप्प बसायचं होतं, आबा," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच चाललं होतं ना हे."

"माहीत आहे गं." आबा गुडघा चोळत राहिले. "बसलोही असतो. पण मग माझाच पाइप गळका ठरवून रोज त्याच भिंतीला हात लावून आंघोळ करावी लागली असती मला."

ती स्टूल उचलून आत न्यायला लागली.

"राहू दे तिथंच," आबा म्हणाले. "आणि दुसऱ्या घरात जाईपर्यंत रोज घरातलं काही ना काही हलवत जा. मला सांगू नकोस."