तळ्याकडची चढण

“घरात बसूनच बोललो असतो. डोंगर कायले चढा लागते?” दौलतरावांनी लेकीच्या कानाशी लागून विचारलं.

“पाहुण्यायची मर्जी,” साधना म्हणाली आणि चालायलाही लागली.

दौलतरावांच्या कपाळाची शीर तडतडली. लहानपणी बैलगाडीवरून पडल्यापासून साधनाच्या डाव्या पायात किंचित लचक राहिली होती. मागे रिसोडचे पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या मामानं पोहे संपवून, हात पुसून, तिला ओसरीवर इकडून तिकडे चालून दाखवायला लावलं होतं. ती चालली. दुसऱ्याच दिवशी नकार आला. त्यानंतर घरात पाहुणे बोलवायचे नाहीत, असं तिनं बापाला बजावलं. मी गेले तर तुम्हाला पाणी तरी कोण विचारील, हेही ऐकवलं. आई गेल्यापासून तिची ही रोजचीच धास्ती होती.

आणि तीच साधना परवा आपणहून म्हणाली, “बाबा, एक स्थळ हाय. आमच्या शाळेतल्या राजू सरायच्या घरचं. चाला, पाहून येऊ.”

दौलतरावांनी रिठदच्या मारुतीला नारळ बोलला. बापासोबत मुलीनंही मुलाकडे जायचं हे जरा उलटंच. पण आजकाल सुलटं काय राहिलंय, म्हणून त्यांनी सोडून दिलं. शिवाय राजूत नाव ठेवायला जागा नव्हती. मालेगावला साधनाच्याच शाळेत तिच्यासारखीच मास्तरकी, सुपारीचंही व्यसन नाही. वडील फार लवकर गेले. आई सोजरबाईंनी डोंगराखालची शेती एकटीनं ओढून त्याला शिकवलं. एवढं भलं घर, आणि त्यांनाही शेवटी पोरीचा पायच बघायचा होता तर! नाहीतर चहा झाल्या झाल्या “चाला, वरचं तळं दाखवतो” असं कोण म्हणतं?

पुढे राजू आणि साधना, मागे दौलतराव आणि सोजरबाई. पोरं शाळेतल्या कुठल्याशा गोष्टीवर खो खो हसत होती. लाजणं म्हणून नावाला नाही.

गाव संपलं, तशी जंगलाची वाट सुरू झाली. फाल्गुनाचे दिवस. साग उघडे पडलेले, आणि मधूनच पळस असा पेटलेला की दौलतरावांचा रागसुद्धा घटकाभर थांबला. मोहाची फुलं वाटेवर सांडली होती. त्यांचा गोड, जड वास नाकात भरत होता. सपाट काळ्या रानात उभा जन्म गेलेल्या त्या माणसानं इतकी झाडं एकाच वेळी कधी पाहिलीच नव्हती. वर बघता बघता ते अडखळले.

“सांभाळून. गुडघे दुखतेत का?” सोजरबाईंनी विचारलं.

“नाई बा. अजून नांगरामागं चालतो मी.”

“सकाळचा चहा कोन करते घरी?”

“मीच. साधनाची शाळा सातची असते.”

“अन् भाकर?”

“थापता येते. गोल नाई येत.”

सोजरबाई हसल्या. आई नसलेल्या घरात पोर कशी वाढली, हे बाई आडून आडून काढून घेताहेत, हे दौलतरावांनी ओळखलं. एकही गोष्ट लपवायची नाही, असं त्यांनी ठरवलं. उभी चढण आली, तेव्हा त्यांना धाप लागली.

“बसा जरा. मले बी दम लागला,” सोजरबाई म्हणाल्या. त्यांचा श्वास तर अगदी सरळ चालला होता. दौलतरावांना त्यांची ही माणुसकी फार आवडली, आणि त्याच भरात त्यांना राहवलं नाही.

“बाई, खरं सांगतो. पोरीत काईच खोट नाई. त्या पायाचं तेवढं—”

“तिच्या पायाचं मले कवाचं माहीत हाय. त्याचं काय एवढं?”

“मंग हे चढण कायले?”

“वर चाला, कळते.”

दौलतरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. उरलेली वाट ते जवळजवळ पळतच चढले.

आणि वर तळं होतं. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये निळंशार, हालचाल नसलेलं पाणी. पलीकडचे पळस त्यात उलटे उभे होते. बदकांचा थवा एकदम उडाला, तेव्हा सगळं तळं थरथरलं आणि पुन्हा जसंच्या तसं झालं. दौलतरावांनी डोक्यावरची टोपी काढली. का काढली, ते त्यांनाच कळेना. बायको गेल्यापासून आपण डोळे उघडून काही पाहिलंच नाही, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले. एवढं मोठं, एवढं सुंदर काहीतरी इतक्या जवळ होतं!

“मी एकटीच येतो अथी,” बाजूला उभ्या सोजरबाई हळू आवाजात म्हणाल्या. “सांगाले कोनी नसते, हे पाह्य म्हणून.”

“मी पाह्यलं,” दौलतराव म्हणाले. “देवाशपथ, असं कवाच नाई पाह्यलं.”

बदकं परत पाण्यावर उतरेपर्यंत दोघं तिथंच उभी होती. मग राजूनं आईला बाजूला बोलावलं. मायलेकरांची कुजबुज चालली होती. साधना हातातला रुमाल पिळत दगडावर बसली होती. इतकी घाबरलेली लेक दौलतरावांनी कधी पाहिली नव्हती. म्हणजे पोरीचा जीव जडलाय, नकार आला तर ती मोडून पडेल. त्यांनी मनातल्या मनात मारुतीला आणखी एक नारळ बोलून टाकला.

सोजरबाई वळल्या. होकार रीतीप्रमाणे मुलीच्या बापाला सांगायचा असतो. दौलतरावांनी टोपी नीट बसवली, सदरा झटकला आणि हात जोडून पुढे झाले.

सोजरबाई त्यांच्या बाजूनं तशाच पुढे गेल्या, साधनासमोर उभ्या राहिल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, “पोरी, तुहे बाबा मले पसंत हायेत. आता त्यायले तू इचार.”