तिसरं गाणं

दादा गेल्यापासून आई दर रविवारी त्याची कॅसेट लावायची. एका न्यू वेव्ह बँडचा इंग्रजी अल्बम. त्या काळी कॉलेजातली सगळी पोरं त्याच्यापायी वेडी झाली होती. आमच्याकडे रेकॉर्ड कुठली? दादा आमचा टेपरेकॉर्डर घेऊन शेजारच्या परेरांकडे गेला, त्यांच्या स्पीकरसमोर ठेवला, "कुणी हूं की चूं करायचं नाही," असा सगळ्यांना दम भरला आणि तिसऱ्या गाण्यात स्वतःच खोकला. त्याच्या आवाजाचं आमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

गेल्या आठवड्यात टेपची रीळ गुंतली. सोडवताना माझ्या हातात तिचे तुकडे आले. आई दोन घासही जेवली नाही. शेवटी माझ्या लेकीनं तोच अल्बम मोबाइलवर शोधला. "ऐक आजी, किती स्वच्छ वाजतंय!"

आई मोबाइलसमोर मांडी घालून बसली. तिसरं गाणं लागलं. सिंथेसायझर क्षणभर थांबतो ती जागा आली, तशी ती नेहमीसारखी पुढे झुकली.

गायक गातच राहिला.

"अगं, जरा मागे घे," आई नातीला म्हणाली. "माझा पोरगा राहिला."