शनिवारचा बिघाड

भैयालालची जुनी फटफटी आठवडाभर गुमान चाले, पण शनिवारी कोंबड्यांच्या झुंजीवर पैसे लावायला निघाला की हटकून बंद. मग तो चरफडत बायकोमागोमाग देवळात कीर्तनाला जाऊन बसे. रविवारी सकाळी तीच गाडी एका किकेत सुरू होई, आणि तो साकोलीच्या भूपेंद्र मिस्त्रीवर जाऊन उखडे, "प्लग बदलला, कॉइल बदलली. आता मिस्त्रीच बदलू का?"

शेवटी वैतागून भूपेंद्रनं इंजिनातले ठिणगी पाडणारे जुने पॉइंटच काढून फेकले आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा बंद डबा बसवला. त्या शनिवारी गाडी पहिल्याच किकेला भुर्रकन निघाली.

रविवारी दुकानापुढे भैयालालची बायको येऊन ठाकली. कीर्तनाच्या गजरातही जिचा आवाज कधी चढला नव्हता, ती गुणाबाई आज ओरडत होती, आणि तिच्या कानांत काहीच नव्हतं.

"त्या माणसानं काल माह्ये कानातले झुंजीत घालवले, भूपेंद्रभाऊ."

"त्यात माहा काय दोष, वहिनी? गाडी तं सुरू करून देली ना?"




"दर शनिवारी त्या पॉइंटात मी कागदाचा कपटा खुपसून ठेवत होती. आता तुह्या या नव्या डब्यात कुठं खुपसू, ते दाखव."