इमारतीचा झोका

शेडगेबाईंच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. कोयना खोऱ्यातल्या त्यांच्या शाळेची इमारत तीस वर्षांपूर्वी मीच आखली होती. त्यांनी विचारलं होतं, "हल्ली लहान धक्क्यानेही वर्गातले फळे हलतात. मुलांना आत बसवू का?" मी जुनी गणितं काढून तपासत राहिलो. दर वेळी ती बरोबर येत आणि माझा विश्वास बसत नसे.

शेवटी कंपनं मोजायचं यंत्र घेऊन मीच गेलो. ते गच्चीवर ठेवलं आणि म्हणालो, दहा मिनिटं कुणी हलू नका.

"दोनशे पोरं गप्प बसवायची?" बाई हसल्या. "सर, त्यापेक्षा भूकंप बरा!"

पण मुलं बसली. इमारतीच्या एका झोक्याला माझ्या गणितापेक्षा दुप्पट वेळ लागत होता, म्हणजे तिचा ताठपणा चौथा हिस्साच उरला होता. धक्क्यांनी खांबांना बारीक तडे जातील, हे मी धरलंच नव्हतं.

बाईंना हे सांगितलं आणि विचारलं, "पुन्हा एकदा मोजू का?"

"नको. आजपासून वर्ग अंगणात. पण मला कागद द्या, वरचे साहेब तोंडी ऐकत नाहीत."

"घरी जाऊन नीट लिहून पाठवतो."

"मागच्यासारखं?"

घरी पोचलो असतो तर पुन्हा शंका काढत बसलो असतो. म्हणून वाटेत पाटणच्या पोस्टातच उभ्याने लिहिलं, "इमारत मी आखली. चूक माझी आहे. मुलांना आत बसवू नका." सही केली आणि पाकीट खिडकीतून आत दिलं.